चार दिवसांचा खाडा

"काकू, चार दिवस गावी चाललोय, खाडा धरा," मी मेसवाल्या काकूंना सांगितलं. सलग चार दिवस जेवायला नसलं, की त्या तेवढे पैसे पुढच्या महिन्यात कमी करतात. खोलीचं भाडं वाढलं होतं आणि ती वाढ चार खाड्यांत बरोबर बसत होती. गावी जाणार नव्हतोच. खोलीत कडी लावून चुरमुऱ्यांवर दिवस काढायचे होते.

काकूंनी पदराला हात पुसले. "सांगोल्याचाच ना रे तू? थांब जरा." आतून त्यांनी कागदात गुंडाळलेली बाटली आणली. "माझ्या आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब. तिकडे मिळत नाहीत, आणि तिचे उद्या संपतायत. कुरिअरवाला तीन दिवस लागतील म्हणतो. देवासारखा आलास बघ."

मी काही बोलेपर्यंत त्यांनी माझ्या पिशवीत दशम्या आणि चटणीही कोंबली. "याचे पैसे धरत नाही हो."

एसटीचं नुसतं जायचं तिकीटच खाड्यापेक्षा जास्त होतं. भाड्यासाठी ठेवलेली पाचशेची नोट कंडक्टरला दिली.

काकूंच्या आईला बाटली पोचवून संध्याकाळी घरी गेलो. आईनं गाडीभाड्याचं विचारलं. "साठवले होते," एवढंच सुचलं.

थोड्या वेळानं ती दारातून शेजारणीला सांगत होती, "पोटाला चिमटा काढून पैसे साठवले पोरानं, आम्हाला भेटायला."

मग आत येऊन तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "आता दर महिन्याला असाच येत जा."