पिटिपांगवर चाललं

"चाललं. आधीपेक्षा जरा वेगानं."

डोमोकोश काकांचा एवढाच ईमेल एमोकेने तीनदा वाचला. मग तिने स्वतः त्यांना चालवून बघायला पाठवलेली नव्या प्रोग्रामची फाइल उघडून पाहिली. फाइल रिकामी होती. घाईघाईत आत काही भरायचंच राहून गेलं होतं. आणि ही रिकामी फाइल सेगेदच्या या म्हाताऱ्याच्या कम्प्युटरवर चालली होती. वर आधीपेक्षा वेगानं!

मजकूर लिहायचा 'तोल' नावाचा टेक्स्ट एडिटर एमोके आणि तिचे मित्र बुडापेस्टमध्ये बसून फुकटात सांभाळत. जगभरचे लोक तो वापरत. पिटिपांग ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम मात्र आता कुणी वापरत नव्हतं. ती बनवणारी कंपनीसुद्धा केव्हाच बुडाली होती. तरी तिच्यासाठी लिहिलेला कोड 'तोल'मध्ये घशातल्या काट्यासारखा अडकून बसला होता. नवं काही करायला जावं तर तो आडवा येई. मित्र वैतागले होते. सोमवारपर्यंत पिटिपांग जाणार नसेल तर आम्ही जातो, असं त्यांनी सरळ बजावलं होतं.

पण नियम एमोकेचाच होता. जोवर एक तरी माणूस प्रत्येक नवी आवृत्ती चालवून बघतोय, तोवर त्याची सिस्टिम सोडायची नाही. पिटिपांगचा तो एक माणूस म्हणजे डोमोकोश काका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. एमोके कॉलेजात असताना तिच्या कोडला पहिली शाबासकी दिली ती यांनीच. त्यांना नाही म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. आता कारण आयतंच हाती आलं होतं. तिने सेगेदची गाडी पकडली.

दार एतेल्का काकूंनी उघडलं. त्यांचे हात पिठाने माखले होते.

"आत आहेत बघ. मला त्या खोलीत धूळसुद्धा पुसू देत नाहीत. जगाचं काम चालतं म्हणे तिथं!"

खोलीच्या भिंतीवर एक फ्रेम होती. फ्रेमीत 'तोल'ची यादी: कोणत्या सिस्टिमवर कोण तपासतं त्याची. सगळ्यात खाली, पिटिपांग, डोमोकोश केरेसी, सेगेद. फ्रेमीखाली कम्प्युटरचं भलंमोठं पिवळट खोकं. त्यावर उन्हात ठेवलेली काकड्यांच्या लोणच्याची बरणी, वर आंबवणासाठी पावाची चकती.

"काका, कम्प्युटरवर बरणी?"

"ऊन तिथंच येतं गं."

"काका, फाइल रिकामी होती."

डोमोकोश काका उठले, दार लोटलं, बरणी खाली ठेवली आणि खोक्याचं झाकण उचललं. आत एकही वायर नव्हती. जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या तेवढ्या आडव्या निजल्या होत्या. लेबलावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जर्दाळूची पालिंका'.

"यंत्र कधीच गेलं," काका हळूच म्हणाले. "डॉक्टरनं माझी दारू बंद केली त्याच सुमाराला. म्हटलं, जागा रिकामी झालीच आहे तर..."

"आणि मला दर वेळी मोबाइलवरून 'चाललं' म्हणून कळवत होता?"

"चाललंच होतं की! माझं."

एमोकेला राग आला होता, पण हसूही दाबता येईना. काकांचा चेहरा मात्र पडला होता.

"माझं नाव त्या यादीत आहे तोवर एतेल्का या खोक्याला हात लावायची नाही. नाव गेलं की दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात. मग काय उरलं गं मला?"

त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते. ते लपवायला त्यांनी दोन छोटे पेले भरले, "एगेशेगेदरे! तुझ्या तब्येतीला!" म्हणत आपला एका दमात रिकामा केला आणि डोळे मिटून जिभेने मिटक्या मारल्या.

"कशी आहे?"

एमोकेने घोट घेतला. तिने पेला नाकाशी नेला, पुन्हा चाखून पाहिला. म्हातारा तोंडाकडे टक लावून बघत होता.

"कडक," ती म्हणाली.

"मुरलीय ना! दर वेळी आधीपेक्षा जरा जास्तच कडक लागते."

निघताना काकू फाटकापर्यंत पोचवायला आल्या. हातात गरम पोगाचांची, छोट्या खाऱ्या पावांची, पिशवी होती.

"तोंड का उतरलंय तुझं? त्यांचं ते पिटिपांग बंद करायला आली होतीस ना?"

"करायलाच हवं, काकू. तो कोड काढला नाही तर माझी माणसं जातील. पण यादीतून नाव काढलं तर काका..."

काकूंनी एकवार घराकडे पाहिलं.

"पालिंका कशी होती?"

एमोके दचकली. पण तोंडातून पुन्हा तेच निघालं. "कडक."

काकूंना हसू आवरेना. त्यांनी एप्रनने डोळे पुसले.

"ईस्टरपासून नळाचं पाणी आहे त्यात, बयो. वासापुरती चमचाभर घालते."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग बाटल्या फेकून का नाही दिल्या?"

"फेकल्या असत्या तर दुसरीकडे लपवल्या असत्या. मग ती जागा कुठं शोधत बसू?" काकूंनी पोगाचांची पिशवी तिच्या हातात कोंबली. "लेबल तेवढं राहू द्यायचं, पोरी. आतलं खुशाल काढून टाक."