हजेरीची डिस्क

उस्मानपुऱ्यातले निवृत्त काकासाहेब गुरुजी वस्तीतल्या पोरांसाठी आज कॉम्प्युटरचा वर्ग उघडणार होते. जुनं मशीन एका फटक्यात तयार व्हावं म्हणून त्यांनी विंडोजच्या डिस्कमध्येच साउंड वगैरे चालवणारे ड्रायव्हर, अपडेट सगळं मिसळलं होतं. हजेरीसाठी पोरांची नावंही त्यातच आधी भरली होती.

पण इन्स्टॉल संपत आलं की स्पीकरमधून एका मुलीचा आवाज यायचा, "हजर, गुरुजी."

साउंडचा ड्रायव्हर वगळून त्यांनी नवी डिस्क केली. पुन्हा तेच. तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्यांनी स्पीकरच उपटला. तरी आवाज आलाच.

"मंग हजेरी मांडा की," त्यांच्या पत्नी वच्छलाबाई दारातून हसल्या.

"तुला थट्टा सुचतीय. आज पोरं माघारी गेली तर परत यायची नाय."

तेवढ्यात पोरं येऊन बसलीच. गुरुजींनी वैतागून कॉम्प्युटरची वायर काढली आणि हजेरी सुरू केली.

"रूपाली."

समोरच्या रूपालीचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. घाबरून तिनं गळ्याला हात लावला.

"हजर, गुरुजी," बंद कॉम्प्युटरमधून तोच मघाचा आवाज आला, रूपालीचा.

यादीतलं पुढचं, शिवमचं नाव गुरुजींनी ओठातच दाबलं. तरी कॉम्प्युटरमधून शिवमचाही आवाज आला, "हजर, गुरुजी."