साऱ्या घराचं पथ्य

“‘गव्हाचे अंश असू शकतात’,” त्यानं बिस्किटांचा पुडा उलटा करून वाचलं आणि तो परत फळीवर ठेवून दिला.

“बघ! गेल्या महिन्यापर्यंत हे लिहिलेलं नव्हतं,” बायको म्हणाली. “समोर मोठी मोठी अक्षरं, आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरांत गुन्हा कबूल.”

ठकी ट्रॉलीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभी होती. अकरा वर्षांची पोर. आवडीची तेवढीच बिस्किटं उरली होती, आता तीही गेली. ती हट्ट करून रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत निघालं होतं की ठकीला गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही. पाव, केक, शेवया, सगळं बंद. एकटीला वेगळं ताट नको म्हणून बायकोनं अख्ख्या घरातून गहू हद्दपार केला. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी तिघं मिळून सामान आणत. तो मागची बारीक अक्षरं वाचे, बायको डबे निवडे, ठकी यादीवर खुणा करी.

त्याआधी तो शनिवारी घरात नसेच. लिफ्टदुरुस्तीचं काम; कुठली लिफ्ट कधी अडकेल याचा नेम नाही, हे निमित्त हाताशी होतं. खरं म्हणजे नवराबायकोचं फाटलं होतं. त्यानं वेगळी खोली बघून ठेवली होती, बॅग भरली होती. त्याच आठवड्यात ठकीचा रिपोर्ट आला. आजारी लेकराला टाकून कोण जाईल? बॅग रिकामी झाली. पुढं हळूहळू, पिठाच्या पुड्यांवरची अक्षरं वाचता वाचता, दोघं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागली. हसायलाही.

आणि अशा घरात तो चोर निघाला होता.

चार महिने तो दुपारी कामावरच्या गाडीत बसून लोणी लावलेला पाव खात होता. खाऊन झाल्यावर चूळ भरायची, हात कोपरापर्यंत धुवायचे, शर्ट झटकायचा. मागच्या बुधवारी मात्र लिफ्टमध्ये माणसं अडकल्याचा फोन आला आणि तो तसाच पळाला. संध्याकाळी घरी पोचला तेव्हा ठकी जेवत होती. “बाबा, भाकरी मोडून द्या ना, कडक झालीय.” त्यानं त्याच हातांनी मोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी ओकायला लागली. पोट धरून दोन दिवस पडून राहिली.

“डॉक्टरांकडे नेऊ या,” तो म्हणाला होता.

“कशाला? पथ्य मोडलं असणार कुठंतरी. उतरेल.” डॉक्टरांचं सगळं पहिल्यापासून बायकोच बघायची. तिनं स्वयंपाकघरातले सगळे डबे उपसले, घासले, नवं पीठ फेकून दिलं. मग ओट्याला टेकून रडली. “माझ्यामुळे पोरीचे हाल होताहेत,” ती म्हणाली.

तो शेजारी उभा होता. तोंड उघडलं असतं तर तिच्या मनावरचा धोंडा उतरला असता. त्यानं नुसता पाण्याचा पेला पुढं केला.

आता दुकानात ठकी यादीतल्या बिस्किटांवर काट मारत होती. त्याला बघवेना. आधी किती नुकसान झालंय ते विचारायचं, मग घरी कबुली द्यायची, त्यानं ठरवलं.

सोमवारी दुपारी पाव न खाता तो एकटाच दवाखान्यात गेला. ठकीच्या डॉक्टरबाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी फाइल उघडायच्या आत त्यानं सगळं ओकून टाकलं. पाव, गाडी, न धुतलेले हात, ओट्याशी रडणारी बायको.

“माझ्याच हातानं पोरीच्या पोटात विष गेलं,” तो म्हणाला. “खरं सांगा. आतून काही इजा झाली असेल का?”

डॉक्टरबाई फाइल चाळत होत्या. “कोणत्या शाळेत आहे ती?”

त्यानं सांगितलं.

“त्या शाळेतली सात मुलं आली होती माझ्याकडे गेल्या आठवड्यात. ओकाऱ्या, पोटदुखी. साथ आहे. पावाचा काही संबंध नाही.”

त्याला एकदम हलकं वाटलं. तरी मनाची खात्री होईना. “पण थोडं जरी ग्लूटेन गेलं असेल, तर...”

“गेलं तरी काय होणार?” त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही अजून पथ्य पाळताय?”

“म्हणजे? आमच्या घरात गहूच येत नाही,” तो म्हणाला.

“अहो, पहिला रिपोर्ट चुकीचा होता. नमुन्यांची अदलाबदल झाली होती. शंका आली म्हणून मीच पुन्हा तपासणी करवून घेतली. तुमची मुलगी ठणठणीत आहे. दीड वर्ष झालं. तुमच्या मिसेसना इथंच बसवून सांगितलं मी, माफीही मागितली.” त्यांनी फाइल मिटली. “ऐकून फार रडल्या त्या. मला वाटलं, आनंदानं.”