शेवटची चकती

शलाकाने काचेची बशी उजेडात धरली. बशीत तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या रक्तातले जंतू वाढवले होते, वर औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती मोकळं रिंगण दिसतं. इथे एकही रिंगण नव्हतं. शेवटच्या चकतीलासुद्धा जंतू खेटून बसले होते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवरच तर तिचं सगळं संशोधन, पण या शेवटच्या चकतीतलं औषध हरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

अण्णांना ठेवलं होतं त्या आयसीयूच्या दाराशी ती तडक आली. बाकावर धाकटा भाऊ हेरंब बसला होता. तिने औषधाचं नाव सांगून विचारलं, "हे अण्णांना आधी कुणी दिलंय का? खरं सांग."

"छे गं ताई. साधी तापाची गोळी घेताना किती नखरे करतात ते." मग नाव डोक्यात शिरलं तसा तो हसला. "हां, ते होय! ते आपण कोंबड्यांना देतो की. खाद्यातून, रोज."

"कोंबड्यांना?"

"तूच नाही का दिवाळीत म्हणालीस, बाकीची सगळी थकली की हे शेवटचं हुकमी औषध? म्हटलं, मग बाकीच्यांच्या नादी कशाला लागा? तेव्हापासून पक्षी दगावायचे थांबले बघ. अण्णा स्वतःच्या हाताने कालवतात."

शलाकाने आयसीयूच्या दाराच्या काचेतून अण्णांच्या हातांकडे पाहिलं.

"अगं, घाबरतेस काय? तेच चालू कर अण्णांना. आणि कमी पडलं तर सांग, शेडवर अजून दीड पोतं पडलंय."