सतरंजीचा कोपरा

मुलाकडच्यांनी पोहे आणले, पण रुक्माआत्याने बशीला हात लावला नाही. भाचीसाठी स्थळ पटल्याशिवाय त्या घरचं खायचं नाही, हा तिचा शिरस्ता. तिने अंगाखालच्या सतरंजीचा कोपरा उलटला.

"धूळ आहे का हो?" मुलाची आई ओशाळली.

जन्मभर मागावर बसलेल्या आत्याने लाल रंग निळ्याला भिडतो तिथे करंगळी खुपसून पाहिली. शिरेना. "आपापला धागा आपल्या कडेलाच वळवला असता, तर इथे फट राहिली असती. हे तर एकमेकांत अडकवलेत. कुणी विणली?"

"लाल सासूबाईंनी, निळा मी. एकाच मागावर." आवाज उतरला. "तेव्हा आमचा अबोला होता."

"अन् तरी ओळीओळीला धाग्यात धागा घातलात?"

"मग! फट राहिली असती ना."

आत्याने हसत बशी पुढे ओढली. "लिंबू आहे का हो?"