खालच्या गल्लीची लाईट

टीव्हीवरच्या कार्टून सिनेमातला हिरो मुठीत वीज धरून नुसता उभा होता. समोर त्याचं घर जाळणारा राक्षस, मुठीत अख्खं शहर पेटेल एवढी ताकद, आणि गडी विचार करत बसलेला. आदिनाथ वायरमनला ते बघवेना.

"हातात पावर असून गप्प! असल्या पावरचं काय लोणचं घालायचंय?"

"पप्पा, तो चिडलाय," आकांक्षा म्हणाली. ती चौथीत होती आणि हा सिनेमा तिनं तीनदा पाहिला होता. "चिडल्यावर पावर वापरायची न्हाई, असं त्यानं ठरवलंय."

आदिनाथ हसला. टीव्हीशेजारी खालच्या गल्लीला वीज देणाऱ्या डीपीचे तीन फ्यूज पडून होते. सकाळी नऊला त्यानेच उपसून घरी आणले होते. गल्लीतल्या दोन घरांनी तारेवर आकडे टाकले म्हणून हा सगळ्या गल्लीवर ओरडला, आणि ज्याचं मीटर चोख होतं त्या पुंजारामनं याला चारचौघांत आईवरून शिवी हासडली. आता चोर कोण आणि संन्यासी कोण, हे निवडत कोण बसणार? मे महिन्यात अख्खी गल्ली उकडली की शहाणपण आपोआप येतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि आजचा ससा टीव्हीशेजारी होता. आदिनाथच्या घराची डीपी वेगळी. त्याचा कूलर मस्त चालू होता.

दोनच्या सुमारास पुंजारामची बायको द्वारकाबाई दारात येऊन उभी राहिली. पायात चप्पल नव्हती.

"भाऊ, आत्याबाईंची मशीन बंद पडली. सकाळपासून इन्व्हर्टरवर चालू होती, आता त्यो बी बसला."

तिची सासू साळूबाई दोन महिन्यांपासून ऑक्सिजनच्या मशीनवर होती. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदिनाथलाही.

"पुंजाराम कुठंय?"

"टेंभुर्णीला गेलेत, सिलिंडर आणायला."

"मंग येऊ द्या त्याला. म्हणावं, इथं येऊन हात जोड. जल्दी लाईट देतो."

"मी जोडते की, भाऊ." तिनं उंबऱ्याबाहेर हात जोडले.

"तुम्ही कशाला, वहिनी? शिवी तुम्ही दिल्ती का?"

हे तो अगदी आदरानं बोलला. बाईमाणसाशी तो कधी वाकडं बोलत नसे, ही त्याची ख्याती होती. द्वारकाबाई आल्या पावली पळत गेली.

आकांक्षानं रिमोट दाबून सिनेमा थांबवला.

"लाव की," आदिनाथ म्हणाला.

"पप्पा, तुम्ही चिडलात का?"

"तुझ्या कामाचं न्हाई ते. लाव."

तिनं लावला नाही. ती पडद्याकडेही बघेना, बापाकडे बघत राहिली. आदिनाथनं तांब्यातलं पाणी प्यायलं, मोबाईल चाळला, उगाच एकदा कूलरची दिशा बदलली. पंधरा मिनिटं गेली असतील. पुंजाराम काही येईना. शेवटी फ्यूज उचलून तो उठला. पुंजारामला पुढं कधीतरी बघून घेऊ, आज आपणच मोठं मन दाखवू, असं त्यानं ठरवलं. मोटरसायकलला किक मारेपर्यंत त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटू लागलं.

डीपीचा मेन स्विच सकाळपासून बंदच होता. त्यानं फ्यूज बसवले आणि मेन वर केला.

"आली! आली!" खालच्या गल्लीतली पोरं ओरडली. पंखे फिरले, कुठलीशी मोटार घरघरली, कुणाच्या तरी टीव्हीवर जाहिरात मोठ्यानं सुरू झाली. गल्ली क्षणात हसरी झाली. आदिनाथ घाम पुसत पुंजारामच्या दारात गेला. आता कुणीतरी चांगलं बोलेल, असं त्याला वाटलं होतं.

आत मशीन एका लयीत गुरगुरत होती. खाटेवर साळूबाई. नाकात नळी तशीच. तोंड उघडं. उशाशी द्वारकाबाई बसली होती, सासूच्या कपाळावर हात ठेवून. ती रडत नव्हती. तिनं वर पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "ती मशीन तेवढी बंद करा. मला येत न्हाई."