तीन फाट्यांचा खूर

रेंदाने पुतळ्याच्या पुढच्या पायाचा खूर पुन्हा सोडवायला लावला, तेव्हा वायानने हातातली बांबूची कांबी खाली टाकली.

"खूर कोण बघणार आहे? लोक दात बघतात, डोळे बघतात."

"हे जनावर पावलावरून ओळखू आलं पाहिजे," रेंदा म्हणाला. "तीन फाटे हवेत. दोन नाही चालणार."

वायान खालच्या वाडीच्या तरुण मंडळाचा पुढारी होता. सगळं गाव दिवसभर घरात गप्प बसतं त्या मौनदिनाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक वाडी आपला पुतळा खांद्यावर घेऊन चौकात आणायची, नाचवायची आणि मग जाळायची. सगळे जण सुळेवाले राक्षसच करत. रेंदाने यंदा कुणी न पाहिलेली जातच उभी केली होती. म्हशीचा बांधा, हरणाची मान, झुळुकेसरशी उठणारी आयाळ आणि पाणी झिरपणारे खूर. नाव ठेवलं तोया. पोटातल्या पिशवीतून नळ्या पायांत उतरवल्या होत्या. खुरांतून पहिल्यांदा पाणी ठिबकलं, तेव्हा मांडवातले सगळे वाकून बघायला लागले. वायानने हळूच त्या मानेवरून हात फिरवला.

"वरच्यांची तोंडं बघायचीत मला," तो म्हणाला.

वरच्या वाडीशी बोलणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. चौकात आधी वाट कुणाची, यावरून जुंपली होती. दगड उडाले, आणि वरच्या वाडीच्या केतुतचा उजवा खांदा मोडला. केतुत आणि रेंदा लहानपणापासून एकत्र पुतळे बांधायचे. दगड कुणाचा ते कळलं नाही, पण रेंदा समोरच उभा होता, म्हणून नाव त्याचं लागलं. केतुतला त्यानंतर बांबू पेलवेना. तो बसून वरच्या वाडीसाठी चित्रं काढतो आणि पोरं बांधतात, असं लोक सांगत. रस्त्यात रेंदा दिसला की तो मान फिरवून जायचा.

तेव्हापासून दोन्ही वाड्यांना चौक बंद होता. यंदा गावप्रमुखाने परवानगी दिली, पण बजावून. एक दगड जरी उडाला तरी दोन्ही वाड्यांच्या मिरवणुका कायमच्या बंद.

मिरवणूक जवळ आली तशी बातमी आली की वरच्यांचं जनावरही खुरांचं आहे. वायान पेटला. आपल्यातलंच कुणीतरी तिकडे सांगतंय, असं त्याने ठरवून टाकलं. संशय सुक्रेनीवर गेला. ती वरच्या वाडीची लेक, नुकतीच लग्न होऊन इकडे आलेली. मांडवात कॉफी आणि उकडलेली रताळी तीच आणून द्यायची. वायानने तिला मांडवात यायचीच बंदी केली. ती भांडली नाही, थाळी उंबऱ्यापाशी ठेवून निघून गेली.

रेंदाने ते पाहिलं आणि काम थांबवलं. "ती नाही," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"ती नाही एवढं माहीत आहे. तिला बोलाव, नाहीतर मी कांबीला हात लावणार नाही."

वायान स्वतः जाऊन तिला घेऊन आला. पण त्या दिवसापासून मांडवाला पहारा बसला.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन कललं आणि तोया चौकात शिरली. डोंगराकडून वारा आला, आयाळ उभी राहिली, खुरांखालचा रस्ता ओला होत गेला. माणसं ओरडायचंच विसरली आणि मग एकदम ओरडली. खांदेकऱ्यांनी तिला गरगर फिरवलं. वायानच्या डोळ्यांत पाणी होतं.

समोरून वरची वाडी आली. त्यांच्या जनावराचं नाव गेनी, म्हणजे आग. ती मातीच्या रंगाची होती, पाठीवर भेगा आणि भेगांतून निखाऱ्यांसारखा लाल उजेड. तीही देखणी होती. पण तिलाही तीच हरणाची मान होती, आणि खुरांना तीनच फाटे.

झांजा थांबल्या. "चोर!" असं कोण आधी म्हणालं ते समजलं नाही, दोन्हीकडून तोच शब्द आला. वायान वाकला. उठला तेव्हा त्याच्या मुठीत दगड होता.

रेंदाने पुढाऱ्याच्या गळ्यातला भोंगा काढून घेतला आणि दोन पुतळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला.

"चोरी झालेली नाही," तो म्हणाला. "ही एकाच जातीची दोन जनावरं आहेत. तोयाचं चित्र मी काढलेलं नाही. ते केतुतचं आहे. मी फक्त बांधली."

वायान रेंदाकडे बघत राहिला, मग ओल्या रस्त्याकडे, मग आपल्या तोयाकडे. दगड त्याच्या हातून कधी गळला ते त्यालाही कळलं नाही.

वरच्या वाडीची गर्दी हलली. केतुत वाट काढत पुढे आला. त्याने डाव्या हाताने रेंदाच्या हातातला भोंगा घेतला आणि आपल्या माणसांकडे तोंड केलं. तो हसत होता.

"आणि आपली गेनी," तो म्हणाला, "ह्याची."